भिंतीत शिरलेलं सारवण

१

भिंत पाडणं हे मानवजातीचं सर्वांत उदात्त कार्य आहे, असं आमच्या प्राचार्यांनी १९५७ च्या जानेवारीत, वर्ध्याच्या ऐन थंडीत, दीडशे माणसांसमोर जाहीर केलं. भिंती माणसाला माणसापासून तोडतात, ज्ञानाला ज्ञानापासून तोडतात, असं बरंच. मग त्यांनी गवंड्याला खूण केली. पहार बसली, भिंतीला खिंडार पडलं, आणि पलीकडे हिंदीचे ओमप्रकाशजी पायजम्यात नाडी ओवताना दिसले. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

आमच्या प्राध्यापक-सदनाचा प्रारंभ असा झाला. जुन्या वसतिगृहाच्या खोल्यांत आम्ही प्राध्यापक आपापली दारं लावून बसत असू. विद्यापीठाची समिती आली आणि शेरा मारून गेली, की इथले प्राध्यापक एकमेकांना तोंडओळखीपलीकडे ओळखत नाहीत. उपाय ठरला : मधल्या भिंती पाडायच्या, एकच लांब दालन करायचं, टेबलं जोडून मांडायची, आणि सगळ्यांनी एकमेकांदेखत काम करायचं. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही सगळे जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. हे बारा पावलांचं स्थलांतर त्याहून अवघड निघालं.

मी तिथं तर्कशास्त्र शिकवीत असे. पुढच्या प्रकरणात त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दालन तयार होत आलं आणि त्याचं उद्घाटन एका सोमवारी ठरलं. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी चार वाजता प्रा. प्रभाकरराव आपल्या जुन्या खोलीत गेले आणि कोनाड्यासमोर उभे राहिले. कोनाडा रिकामा होता.

"पेटी," ते म्हणाले. एवढंच.

त्यांच्या पाठोपाठ आत आलेल्या सहकारी कोकिळाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, आणि बाहेर येऊन सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात चोरी जाहीर केली.

२

पेटी शिसवी लाकडाची, हातभर लांबीची. तिच्यात पोस्टकार्डाएवढे कापलेले जाड कागद होते, चार हजारांच्या आसपास. प्रत्येक कागदावर गोंडी भाषेतला एक शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तो कुठे कसा वापरतात ते. अकरा वर्षांचं काम. त्याचा कोश व्हायचा होता आणि त्यावर प्रभाकररावांना विद्यापीठाची पदवी मिळायची होती.

शब्द देणारा होता आमचा शिपाई मंगरू. कारंज्याकडच्या जंगलपट्टीतला गोंड माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा. रविवारी गावी जाऊन तो आपल्या आईला, पंचफुलाबाईला, विचारून यायचा आणि आठवडाभर प्रभाकररावांच्या खोलीत जमिनीवर बसून सांगायचा. दार लावलेलं असायचं. आत काय चालतं ते आम्हाला ठाऊक होतं, पाहिलं कोणीच नव्हतं.

आणि पेटी गेली त्या दिवशी त्या खोलीच्या दाराशी बसलेला एकमेव माणूस मंगरू होता.

झालं होतं असं. दालनाला फरशी बसली, पण टोकाची ही खोली, जिच्या भिंती नकाशात तशाच राहणार होत्या, तिच्यापुरती शहाबादी आलीच नाही. तिची वॅगन बडनेऱ्यापुढे कुठे तरी रुसून उभी होती. पाहुण्यांना मातीची जमीन दाखवायची, तर निदान सारवलेली तरी, म्हणून बायजाला बोलावलं. बायजा आमच्याकडची सारवणारी. गुरुवारी सकाळी नवाला तिनं सुरुवात केली तेव्हा पेटी कोनाड्यात होती. तिनं स्वतः पाहिली. प्रभाकररावांनी बाकीचं सामान हलवलं होतं आणि "पेटी मी माझ्या हातानं नेईन" म्हणून ठेवली होती. दहाला सारवून ती पुढच्या दारानं बाहेर आली. ओल्या सारवणावर कुत्रं-कोंबडी जाऊ नये म्हणून मंगरू ते दार लोटून त्याला पाठ टेकून बाहेर बसला, तो चार वाजेपर्यंत.

मागच्या बाजूला, विहिरीकडे, आणखी एक दार होतं. नव्या नकाशात त्या जागी सामाईक कपाट यायचं होतं, म्हणून ते बुजवायचं होतं. दाराची फळी काढून नुसता बांबूचा तट्ट्या लावलेला होता. गवंड्यानं बाराला काम धरलं आणि बाहेरून विटा रचून तीनपर्यंत दार बंद केलं. पण त्या दारानंही कोणी आलेलं नव्हतं. आलं असतं, तर ओल्या जमिनीत पाय उमटले असते. चार वाजता जमीन कोरडी, गुळगुळीत आणि अख्खी होती. एक बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं.

प्राचार्यांनी यावर रात्रभर विचार केला आणि शुक्रवारी आम्हाला निष्कर्ष सांगितला.

"हे लोक जंगलात वाढलेले असतात. पाय न उमटवता चालणं त्यांना जमतं."

प्राचार्य भूगोलाचे होते.

मंगरूची झडती घेऊन झाल्यावर त्याला त्यांनी समोर उभं केलं. "सोमवारच्या उद्घाटनापर्यंत पेटी जागेवर आली, तर ठीक. नाही आली, तर तू कामावरून कमी, आणि फिर्याद पोलिसांत."

"म्या नाई नेली जी," मंगरू म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "माह्याच मायचे शब्द म्या काऊन चोरू?"

या प्रश्नाला तर्कशास्त्राच्या दृष्टीनं उत्तर नव्हतं. म्हणून प्राचार्यांनी ते दिलं नाही.

३

शनिवारी सकाळी पुलगावहून सदाशिवराव आले. ते आले होते वॅगनसाठी. रेल्वेत तीस वर्षं हरवलेला माल शोधण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते, आणि बडनेऱ्यातला प्रत्येक कारकून त्यांच्या धाकात होता म्हणे. बुटके, पांढऱ्या टोपीचे, खिशात सुपारीची अडकित्त्यासकट चंची. आल्या आल्या त्यांनी मंगरूकडे पाहिलं. तो व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभा होता आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे न बघता जात होता.

"ह्याचं काय हरपलं?" त्यांनी मला विचारलं.

"त्याचं नाही. प्रभाकररावांचं."

"तोंड तर ह्याचं उतरून राह्यलं."

मी सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकलं. "मास्तर, तीस वर्षांत एक गोष्ट पाहिली. माल हवेतून जात नाई. जमिनीवरूनच जाते. वॅगन दोन दिवस थांबंल. हा माणूस सोमवारनंतर थांबनार नाई."

प्राचार्यांनी परवानगी दिली. वॅगनचा माणूस दुखावला जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

पहिल्या कोकिळाबाई. त्या इतिहास शिकवीत आणि कोणाच्या बापाला भीत नसत.

"माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या. गेल्या वर्षी ती कार्डं मी चार दिवसांसाठी मागितली होती, गोंड राजांच्या लेखासाठी. दिली नाहीत. दाखवलीसुद्धा नाहीत! पेटीवर पालथा हात ठेवून बसले, कोंबडी बसते तसे."

"गुरुवारी दहा ते बारा कुठं होत्या, बाई?"

"वर्गात. साठ पोरींसमोर. पानिपत चालू होतं. जागची हलले असते, तर पोरींनी युद्ध तिथंच थांबवलं असतं."

मग ओमप्रकाशजी. जबलपूरचे. तीन पिढ्या दगडी हवेलीत वाढलेलं घराणं.

"देखिए, माझा या सदनालाच विरोध आहे," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बसून माणूस काम करू शकत नाही, फक्त काम करताना दिसू शकतो. पण पेटी? मला मराठीच अजून पुरती येत नाही, गोंडी घेऊन काय करू?"

"दहा ते बारा?"

"मोकळा होतो. आंघोळीची जागा शोधत फिरत होतो. माझ्या खोलीला आता भिंत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच."

त्या वेळात मीही मोकळाच होतो. पण माझं नाव कोणीच घेतलं नाही. याचं मला थोडं वाईट वाटलं.

प्रभाकररावांकडे आम्ही घरी गेलो. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. त्यांनी स्वतः चहा केला. गुरुवारी दहानंतर आपण पोस्टात गेलो होतो, असं म्हणाले. पेटीबद्दल विचारलं, की त्यांचे डोळे भरून येत. चहा झाल्यावर आमच्या हातचे कप घेऊन ते मोरीवर गेले, धुऊन आणले आणि फळीवर पालथे घातले. मी संकोचलो, तसे म्हणाले, "राहू द्या. तरुणपणी दोन वर्षं सेवाग्रामला होतो. तेव्हा अंगवळणी पडलं. उठताना आपल्या बसण्याची खूण मागे राहू नये."

"मंगरूबद्दल काय वाटते तुमाले?" सदाशिवरावांनी विचारलं.

प्रभाकररावांनी फळीवरचे कप सारखे केले.

"तो चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "हे लिहून घ्या."

शेवटी बायजा. ती विहिरीवर भांडी घासत होती.

"मले काय इचारता? म्या सारवलं, न् घरी गेलती. बादली हितंच ठेवलती, दुसऱ्या दिवशी ओटा सारवाचा होता म्हून. सकाळी पाहतो तं कालवलेलं शेन अर्धंच! शेनाचे बी चोर झाले का वो आता?"

सदाशिवरावांचा अडकित्ता थांबला.

"बायजाबाई, चाला माह्यासंगं. तुमचं सारवन वाचून दाखवा मले."

४

खोलीला गुरुवारपासून कुलूप होतं. मधे फक्त गवंडी, प्राचार्यांच्या नजरेखाली, पोती अंथरून बुजवलेल्या दाराला आतून गिलावा आणि चुना देऊन गेला होता. आता ती भिंत इतर तिन्हींहून पांढरी दिसत होती. कोनाडा तिच्या शेजारीच.

"सारवता कशा तुमी?" सदाशिवरावांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"हे काय इचारनं झालं? दूरच्या भिंतीपासून धराचं न् मांगं मांगं सरत दारापाशी याचं. पुढं सरत गेलं, तं आपनच आपल्या सारवनावर पाय नाई का देनार?"

"हात कसा फिरवता?"

तिनं हवेत उजवा हात फिरवून दाखवला. अर्धगोल. खोलीभर तेच अर्धगोल वाळून बसले होते, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, आणि सगळ्यांची पाठ पुढच्या दाराकडे.

सदाशिवराव चपला काढून आत गेले आणि कोनाड्याखाली उकिडवे बसले. मग बायजाला हाक मारली. ती वाकली, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे माहं नोय," ती म्हणाली.

कोनाड्यापासून चार हात रुंदीचा एक पट्टा वेगळा होता. त्यात अर्धगोल नव्हते. सरळ, एकाशेजारी एक, वहीच्या ओळींसारखे हात ओढलेले होते. गुरुवारी आम्ही सगळे त्यावर उभे राहूनच रिकामा कोनाडा पाहून गेलो होतो. आणि ते हात पुढच्या दाराकडे सरकत आलेले नव्हते. ते कोनाड्यापासून निघून थेट पांढऱ्या भिंतीला टेकले होते.

"म्हंजे हे ज्यानं सारवलं," बायजा हळूच म्हणाली, "तो भितीत शिरला, बावा."

कुलूप उघडून देणारे प्राचार्य माझ्या शेजारीच होते. पुढच्या दारात मंगरू उभा होता. तोही ऐकत होता.

५

"भीत आज हाये," सदाशिवराव म्हणाले. "गुरुवारी बारापर्यंत तिथं दार होतं. कोनी तरी मागून तट्ट्या सरकवून आला. वल्या सारवनावर पाय दिले, पेटी काढली. वळून पाहते, तं आपलेच पाय! चोरानं काय केलं असतं, मास्तर?"

"पळाला असता."

"हो. वल्या शेनात पाय कोनाचा, हे कोन वळखते? पन हा पळाला नाई. बायजाबाईची बादली घेतली, न् आपले पाय सारवत सारवत मागच्या दारानं गेला. मंगरू असता, तर पुढच्या दाराकडं सरला असता. त्याची जागा तीच होती."

प्राचार्यांनी घसा साफ केला. "मग कोण?"

"ज्याले सारवता येते, असा. तुमच्या सगळ्या मास्तरांना बोलवा. अजून एक बादली शेन लागंल."

तासाभरात आम्ही सगळे व्हरांड्यात जमलो. व्हरांड्याचा एक कोपरा मुद्दाम उखणून ठेवला होता. सदाशिवरावांनी हात जोडून ओमप्रकाशजींना विनंती केली की उद्घाटनाचं शुभकार्य म्हणून प्राध्यापकांनी तेवढा कोपरा सारवावा, आणि सुरुवात ज्येष्ठांनी करावी.

ओमप्रकाशजींनी बादलीकडे असं पाहिलं, जसं कोणी आपल्या मृत्युपत्राकडे पाहावं. मग बाह्या सरसावल्या, दोन बोटांनी शेण उचललं आणि जमिनीला टिळा लावावा तसं लावलं. दुसऱ्या खेपेला ओंजळ भरून ओतली. तिसऱ्या खेपेला त्यावरच उभे राहिले. पाठीमागे पावलांची एक सुंदर रांग उठली. कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला. बायजानं लावला नाही. ती मोठ्यानं हसली.

"गुरुजी, हे सारवन होय का रांगोळी?"

आणि त्या हशात प्रभाकरराव पुढे आले.

मी त्यांच्या अगदी जवळ होतो. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, भीती नव्हती. मला वाटतं, आपण कुठे आहोत हेही त्या क्षणी त्यांना आठवत नव्हतं. ओली जमीन कोणी तरी बिघडवली होती आणि तिच्यावर पाय उमटले होते, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, उकिडवे बसले, हात बादलीत घातला आणि सारवू लागले. मागे मागे सरत. सरळ, एकाशेजारी एक, वहीच्या ओळींसारखं.

हशा एकेकाच्या तोंडावर विझत गेला.

चौथ्या का पाचव्या ओळीला त्यांना शांतता ऐकू आली. त्यांनी मान वर केली. सगळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग मंगरूकडे.

तरी त्यांनी राहिलेला कोपरा पुरा केला, आणि मगच उठले.

६

"पेटी घरी आहे," ते म्हणाले. "देवघराच्या फळीवर. मी ती विकणार नव्हतो, जाळणार नव्हतो. माझीच होती."

"मग चोरली कशाला?" प्राचार्यांनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. त्या आठवड्यातला त्यांचा पहिलाच.

"पहिली चार वर्षं मी लिहीत होतो. मग मंगरू प्रौढांच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकला. नंतरची कार्डं..." ते थांबले. "नंतरची सगळी कार्डं त्याच्या हातची आहेत. अर्थही त्यानंच लावलेत. मी नुसती मान हलवत होतो. दार बंद होतं तोवर ते आमच्या दोघांतलं होतं. सोमवारपासून सगळे एका टेबलाशी बसणार. कोणीही सहज हात लांब करून कार्ड उचललं असतं."

"आणि अक्षर पाहिलं असतं," कोकिळाबाई म्हणाल्या.

"दाराशी मंगरू होता, त्याच्यादेखत पेटी नेणं जमलं नसतं, म्हणून मागून शिरलो. चार दिवसांत माझ्या हातानं उतरवून पेटी परत ठेवणार होतो. हरवली म्हणून बोंब मारायचं मनात नव्हतं. जमीन वाळली का ते पाहायला आलो, तर रिकाम्या कोनाड्यासमोर मला तुम्ही पाहिलंत, आणि तुम्हीच ओरडलात. त्यानंतर प्रत्येक तासाला सांगणं अवघड होत गेलं. मंगरूचं नाव निघालं तेव्हा तर... तेव्हा मी भ्यालो."

विहिरीवर रहाट कुरकुरत होता.

मंगरू पुढे आला. गेल्या दोन दिवसांत तो पहिल्यांदाच आपण होऊन बोलला.

"सर," तो म्हणाला, "माहं अक्षर इतकं खराब हाये का?"

प्रभाकररावांनी शेणाचे हात तसेच चेहऱ्यावर नेले.

"नाही रे. माझ्याहून चांगलं आहे."

त्यानंतर प्राचार्यांनी भाषण केलं. ते करणारच होते. मंगरूची नोकरी अबाधित आहे, संस्था त्याची क्षमा मागते, प्रभाकररावांचा अर्ज विद्यापीठाकडून परत मागवला जाईल, आणि कोशाच्या पहिल्या पानावर मंगरूचं नाव घातलं जाईल. एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. ज्ञानाच्या मंदिरात उच्चनीच नसतं. सदनाच्या लांब टेबलाशी यापुढे मंगरूचीही एक खुर्ची राहील. सोमवारी तोच फीत कापेल. बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखर भरून आला. ओमप्रकाशजींनी डोळे पुसले आणि हाताला शेण असल्यामुळे पंचाईत झाली.

"मंगरू," प्राचार्य शेवटी म्हणाले, "आज तू माग. काहीही माग. ही संस्था तुझ्या ऋणात आहे."

मंगरूनं विचार केला.

"नाव माहं नोका टाकू जी. मायचं टाका. पंचफुला. शब्द तिचे हायेत. म्या निस्ता आननारा."

"टाकू! दोघांचीही टाकू! आणखी?"

"अजून एक होतं साहेब. रागावसान तुमी."

"निःसंकोच बोल."

"शुक्रवारी झडती घेतली, तवा माहा जेवनाचा डबा तुमी पुरावा म्हून कपाटात ठेवून वरून लाखेचं शील लावलं," मंगरू म्हणाला. "घरी डबा एकच हाये. बायको कालपासून इचारून राह्यली. त्यात अंबाडीची भाजी हाये... तेवढा डबा देता का जी?"